गाडीवाल्याच्या जागेवरून

सायकलवरच्या माणसाला अंधारातही बरंच काही दिसत असतं. मागून येणाऱ्या ट्रकचा उजेड रस्त्यावर पसरतो, आपलीच सावली पुढे लांब पडते, समोरच्या गाडीचे दिवे तर डोळ्यांत घुसतात. एवढ्या उजेडात आपण कुणाला दिसत नसू, हे मनाला पटतच नाही. रात्री रस्त्याने चालणारी माणसं आपण गाडीवाल्याला किती लांबून दिसू याचा अंदाज खऱ्यापेक्षा बराच जास्त करतात, असं अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळलं आहे. मला तो दिसला, म्हणजे त्याला मी दिसलोच, हा हिशेब आपण नकळत करून टाकतो.

गाडीवाल्याचा हिशेब वेगळा असतो. ताशी ६० किलोमीटरच्या वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. समोर काही आहे हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला, तरी २५ मीटर संपले. त्यानंतर गाडी थांबायला कोरड्या रस्त्यावरही आणखी वीसेक मीटर लागतात. काळा स्वेटर घालून पहाटे डेअरीवर दूध घालायला निघालेला माणूस त्याला त्याआधी दिसायला हवा. समोरून दुसरी गाडी डोळ्यांवर उजेड मारत येत असेल, तर तेवढंही अंतर हाती राहत नाही.

मग भडक कपडे घालावेत का? दिवसा जरूर घालावेत. पण झुंजूमुंजू होताना आपल्या डोळ्यांना लाल रंग काळपट दिसू लागतो. चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी हे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच टिपून ठेवलं होतं. झगझगीत पोपटी जाकीट उन्हातल्या अतिनील किरणांवर चमकतं, त्यामुळे रात्री त्याचा जोर ओसरतो. रात्री कामाला येतात ते दिवे आणि रिफ्लेक्टर. त्यातही हलणारा रिफ्लेक्टर अधिक बोलका. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी १९७३ मध्ये दाखवून दिलं, की अंधारात माणसाच्या सांध्यांवरचे काही ठिपके तेवढे दिसत असले, तरी तो चालू लागताच पाहणाऱ्याला क्षणात कळतं, हा माणूस आहे. तो स्थिर असताना तेच ठिपके निरर्थक वाटतात. म्हणून पेडलवरचा रिफ्लेक्टर किंवा घोट्यावर बांधलेली चमकती पट्टी मोलाची. ती वर-खाली होत नुसतं ‘इथे काहीतरी आहे’ एवढंच सांगत नाही, ‘इथे कुणीतरी पाय मारतंय’ असं सांगते.

दुसऱ्याच्या जागी उभं राहून पाहावं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण ते दुसऱ्यासाठी करायचं उपकाराचं काम समजतो. सायकलवर मात्र ते आधी आपल्याच जिवासाठी करावं लागतं. मी कसा आहे हे मला ठाऊक असून भागत नाही. काच धुरकटलेली, डोळे पेंगुळलेले आणि घाईत असलेल्या अनोळखी माणसाला मी कसा दिसेन, याचा विचार मलाच करायचा आहे. त्यात कमीपणा नाही, आणि त्याच्यावर अविश्वासही नाही. त्याच्या डोळ्यांची मर्यादा मान्य करणं एवढंच त्यात आहे.

ही जबाबदारी एकट्या सायकलवाल्याची मात्र नव्हे. पेपर टाकणारा मुलगा किंवा पाळी संपवून परतणारा कामगार हौसेने अंधारात निघत नाही. ‘त्याच्या सायकलला दिवाच नव्हता’ हे वाक्य अपघातानंतर फार पटकन उच्चारलं जातं. त्याने मागच्याचा वेग माफ होत नाही. उजेड जिथवर पोहोचतो तेवढ्या अंतरात थांबता येईल इतक्याच वेगाने चालवणं, हे स्टिअरिंग धरणाऱ्याचं काम. जागा बदलून पाहायचं तर दोघांनीही पाहावं. मात्र चूक झाली तर सोसावं लागतं ते सायकलवाल्यालाच.

आज घरातल्या सायकलसाठी एवढंच करावं. अंधार पडल्यावर ती गल्लीच्या टोकाला उभी करावी, पन्नास पावलं मागे यावं आणि बॅटरी डोळ्यांजवळ धरून तिच्याकडे झोत टाकावा. बॅटरी डोळ्यांजवळच हवी, कारण रिफ्लेक्टर उजेड जिथून आला तिथेच परत पाठवतो. चिखलाने माखलेला, तडकलेला किंवा कॅरिअरवरच्या पिशवीमागे दडलेला रिफ्लेक्टर लगेच उघडा पडेल. मग तो पुसावा, बदलावा किंवा पिशवी थोडी वर बांधावी.