जात्याची घरघर कोणी पुसायची?

भोर तालुक्यातल्या आमच्या गावी आत्याच्या ओव्या रेकॉर्ड करायला बसलो, तेव्हा तिने एकच अट घातली. जात्यावर बसल्याशिवाय म्हणणार नाही. खुर्चीत बसून तिला ओवी सुचेचना. मग पडवीच्या कोपऱ्यात पडलेलं जातं पुसून मांडलं, खुंटा ठोकून बसवला, मूठभर ज्वारी घातली आणि दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्याला ओवी आपसूक सुरू झाली. दोन तासांच्या त्या रेकॉर्डिंगमध्ये आत्याचा आवाज आहे, जात्याची घरघर आहे, बांगड्यांची किणकिण आहे आणि मी बंद करायला विसरलेला पंखाही आहे.

पंखा काढायला म्हणून ती फाइल मी आवाज स्वच्छ करून देणाऱ्या एका ऑनलाइन सेवेवर चढवली. एक बटण दाबायचं, बाकी काही नाही. परत आलेला आवाज स्टुडिओतल्यासारखा लख्ख होता, पण जातं नव्हतं आणि बांगड्याही नव्हत्या. ओवीच्या चरणात जिथे आत्या जात्याच्या फेऱ्यासाठी थांबते, तिथे नुसती पोकळी होती. जातं हा गोंगाट नाही, तो या गाण्याचा ठेका आहे, हे त्या सेवेला सांगायची सोयच नव्हती. एक गोष्ट तर नंतर लक्षात आली आणि जास्त लागली. आत्याने आवाज दिला होता तो मला. तो कुठल्याशा परक्या सर्व्हरवर पाठवताना मी तिला विचारलंही नव्हतं.

मग ऑडॅसिटी हे आवाज-संपादनाचं सॉफ्टवेअर उघडलं. त्यातली गोंगाट कमी करण्याची रीत दोन पायऱ्यांची आहे. आधी नुसता गोंगाट असलेला तुकडा निवडून दाखवायचा, मग पूर्ण रेकॉर्डिंगवर ती प्रक्रिया चालवायची. दाखवलेल्या तुकड्यात कोणत्या कंप्रतेला किती जोर आहे हे प्रोग्राम मोजतो, त्यावरून प्रत्येक पट्ट्यासाठी एक उंबरठा ठरवतो आणि त्याच्या खाली राहणारा आवाज दाबतो. माझ्या सुदैवाने जातं फिरायच्या आधीचे तीन सेकंद होते, नुसत्या पंख्याचे. तेवढेच दाखवले. पहिल्यांदा मात्रा जास्त झाली. आत्या पाण्याने भरलेल्या हंड्यातून बोलतेय असं वाटायला लागलं, शिवाय ‘भ’ आणि ‘घ’मधला हकार झिजला, ‘श’ बोथट झाला. कारण उघड आहे. महाप्राणातला श्वास काय किंवा ‘श’चा फूत्कार काय, ध्वनी म्हणून दोन्ही गोंगाटाच्याच जातीचे. मात्रा उतरवत आणली. थोडा पंखा राहिला, तो राहू दिला. जातं जागेवर होतं.

स्वतंत्रपणे काम करणाऱ्या माणसाने, मग तो पॉडकास्ट करणारा असो, अंधांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणारा असो की लोकगीतं जमवणारा, सॉफ्टवेअर निवडताना पहिला प्रश्न हाच विचारावा असं मला कळकळीने वाटतं: माझ्या आवाजातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं, हे ठरवणार कोण? किंमत, सोय, दिसणं हे सगळं त्यानंतर.

किमतीच्या बाबतीत तर आपली भाषा आपल्याला मदत करते. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दात दोन अर्थ कोंबलेले असल्यामुळे, १९८३ मध्ये ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाची घोषणा करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमनना तो फरक वर्षानुवर्षं समजावत बसावं लागलं. मराठीत फुकट वेगळं आणि मुक्त वेगळं. तरी आपण चौकशी करतो ती फुकटाचीच. केकवॉक या संगीत-सॉफ्टवेअरचं काय झालं पाहा. २०१७ मध्ये गिब्सन कंपनीने त्याचं काम थांबवलं, २०१८ मध्ये बँडलॅबने ते घेऊन सगळ्यांना फुकट दिलं, आणि २०२३ मध्ये त्याच्या जागी नवी उत्पादनं आणत असल्याचं जाहीर केलं. प्रत्येक वळणावर निर्णय मालकाचा. वापरणाऱ्याने फक्त वाट पाहायची.

ऑडॅसिटीलाही मालक आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी ते सुरू केलं, २००० साली ते लोकांसमोर आलं आणि २०२१ मध्ये म्यूझ ग्रुपकडे गेलं. त्यानंतर वापराची माहिती गोळा करण्याचा प्रस्ताव आला, तो विरोधामुळे मागे घ्यावा लागला. पुढे गोपनीयतेच्या धोरणात तेरा वर्षांखालच्या मुलांनी ते वापरू नये असं कलम आलं, त्यावरही गदारोळ झाला आणि मसुदा बदलावा लागला. हे सगळं चांगलं झालं असं मी म्हणत नाही. पण त्याच काळात काही जणांनी मूळ कोड घेऊन टेनॅसिटी नावाची वेगळी शाखा काढली आणि त्यांना कोणी अडवू शकलं नाही, कारण परवाना जीपीएल, म्हणजे कोणालाही कोड बदलून पुढे वाटू देणारा होता. मालक बदलला तरी लोकांच्या हाती आलेला कोड परत घेता येत नाही. मुक्त या शब्दाचा रोजच्या व्यवहारातला अर्थ मला तेव्हा नीट उमगला.

मुक्त सॉफ्टवेअरच्या अडचणीही आहेत. अनेक ट्रॅकचं संगीत बांधायचं असेल तर ऑडॅसिटीपेक्षा आर्डर जास्त योग्य, पण ते शिकायला चिकाटी लागते. पॉल डेव्हिस यांनी उभ्या केलेल्या या प्रोग्रामचा कोड मुक्त आहे, अधिकृत तयार प्रत हवी तर पैसे द्यावे लागतात, आणि मला ते अगदी रास्त वाटतं. चहापाण्यावर सहज खर्च करणारे आपण, ज्या हत्यारावर आपलं काम उभं आहे त्याच्या कारागिराला काही देताना मात्र हात आखडता घेतो. ऑडॅसिटीच्या भाषांच्या यादीत मराठीही दिसते. तीही कोणीतरी बसून, एकेक शब्द लावून केली आहे.

आणखी एक धडा मी किंमत मोजून शिकलो. वार्षिक वर्गणीच्या एका प्रोग्राममध्ये केलेलं माझं जुनं काम वर्गणी संपल्यावर उघडेना. मूळ रेकॉर्डिंग होतं, पण कापणं-जोडणं, पातळ्या लावणं, सगळी मेहनत आत अडकली. तेव्हापासून मूळ आवाज डब्ल्यूएव्हीमध्ये आणि तयार झालेला फ्लॅकमध्ये ठेवतो, कारण ही दोन्ही स्वरूपं बहुतेक प्रोग्रामना वाचता येतात. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या, त्यांतल्या अनेक आज ग्रामीण भारताच्या नोंदी जपणाऱ्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर ऐकता-वाचता येतात. असा ठेवा एका पिढीच्या यंत्रावरून पुढच्या पिढीच्या यंत्रावर न्यायचा तर कुलूप नसलेलं स्वरूप लागतं.

आत्याच्या रेकॉर्डिंगमध्ये मी प्रत्येक ओवीच्या जागी देवनागरीत लेबल लावलं आणि सगळी लेबलं एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये काढली. एका ओळीत सुरुवातीचा सेकंद, शेवटचा सेकंद आणि ओवीचे पहिले शब्द, एवढंच. ती फाइल आवाजासोबत भाचीला पाठवली. तिच्याकडे ऑडिओचं कुठलंच सॉफ्टवेअर नाही. तिने नोटपॅडमध्ये फाइल उघडली, फोनवर ओव्या ऐकल्या आणि तीन ठिकाणी मी चुकीचे ऐकलेले शब्द दुरुस्त करून परत पाठवली.