कपाटातला दुसरा अंगरखा

नाताळापूर्वी घर झाडायला काढले की लहान फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आपणा सर्वांपुढे एकच संकट उभे राहते, ते म्हणजे कपाट. दार उघडताच वरच्या फळीवरचे गाठोडे अंगावर येते. लग्नात आहेर आलेले, अजून न शिवलेले शर्टपीस. मुलांना लहान झालेले स्वेटर. पुन्हा बारीक होऊ तेव्हा घालू म्हणून ठेवलेला सदरा. सारे पलंगावर ओतून आपण दोन ढीग करतो, ठेवायचे आणि द्यायचे. हे नुसते घरकाम नव्हे. कोणत्या ढिगात काय पडते यावरून 'माझे' हा शब्द आपण कोणत्या अर्थाने वापरतो ते कळते.

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला लोकांनी विचारले, आम्ही काय करावे? त्याने उपासतापास सांगितले नाहीत, अंगरखे मोजायला लावले (लूक ३:११). कप्पदुकियातील कैसरियाचा बेसिल, जो इ. स. ३७० मध्ये तेथे बिशप झाला, याच्याही पुढे गेला. कोठारे मोडून मोठी बांधू पाहणाऱ्या धनवानाच्या दाखल्यावर बोलताना त्याने म्हटले की पेटीत पडून राहिलेले वस्त्र उघड्या माणसाचे आहे, आणि ते अडवून ठेवणारा चोराहून फारसा निराळा नाही.

हे फार कठोर झाले, असे पुष्कळांना वाटेल. उद्याची तरतूद करू नये काय? अवश्य करावी. ज्यांना पुन्हा विकत घेणे परवडत नाही ते दोरीचा तुकडाही जपून ठेवतात, आणि त्याला लोभ म्हणणे अन्यायाचे आहे. परंतु तरतुदीला नाव आणि वेळ असते: हा स्वेटर धाकटीला, पुढच्या थंडीत. ज्या वस्तूला दोन्ही सांगता येत नाहीत ती तरतूद कशी? ती केवळ अडवलेली आहे. लोकरीला कसर लागते तीही अशा अंधारात न हलवता ठेवलेल्या गाठोड्यातच. रोज अंगावर असणाऱ्या कपड्याच्या वाटेला ती सहसा जात नाही.

आता द्यायचा ढीग. दारावर बोहारीण येते तेव्हा ती प्रत्येक कपडा उजेडात धरून पाहते, शिवण ओढते, कॉलर तपासते. तिला तो नीट करून जुन्या बाजारात विकायचा असतो. तिने नाकारलेले आपण काय करतो? मंडळीच्या मदतपेटीत टाकतो! स्टीलच्या डब्याच्या मोबदल्यात जे चालले नाही ते प्रभूच्या नावाने चालते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून कपडे गेले, आणि त्यांपैकी कितीतरी न वापरता रस्त्याच्या कडेला ढिगाने पडून राहिले. पुढे 'गूंज' या संस्थेला ते गोळा करून निवडावे लागले. आपली अडगळ तेथे दुसऱ्याची अडगळ झाली होती.

बेसिलचे म्हणणे मान्य केले तर हे आपोआप सुधारते. दान म्हणून दिलेल्या सदऱ्याला गुंडी नसली तरी आपल्याला खपते. ज्याची वस्तू त्याला परत करायची असेल तर आपण ती धुऊन, गुंडी लावून, घडी घालून देतो. संडे स्कूलच्या शिक्षकांनी मुलांना देणगी आणायला सांगताना एवढा फरक जरूर सांगावा. योप्पातील टबीथाच्या मृत्यूनंतर विधवांनी पेत्राला जी वस्त्रे दाखवली ती तिने त्यांच्यासाठी मुद्दाम शिवलेली होती.

गेलेल्या माणसाच्या कपड्यांविषयी मात्र आम्ही नियम घालून देणार नाही. काही घरांत ते वर्षानुवर्षे हलत नाहीत, आणि घाई करणाऱ्याला दुःखाची कल्पना नसते. आपल्याकडे आजीच्या नऊवारी लुगड्याची गोधडी शिवत. ती फळीवर राहत नसे, नातवंडांच्या अंगावर असे, आणि फाटली की पुन्हा टाके पडत.