दान आणि दखल

संकटात सापडलेल्या माणसासाठी वर्गणी काढणे हा मराठी समाजाचा जुना गुण आहे. हातावर पोट असलेला माणूसही यादीत आपले नाव मागे राहू नये म्हणून काहीतरी देतो. १९०८ साली तळेगावला उभा राहिलेला काचकारखाना अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून निघाला. माणशी एक पैसा, एवढीच त्यामागची कल्पना होती. माळव्यात येऊन स्थिरावलेल्या आमच्या पूर्वजांनी हा गुण सोबत आणला. धार आणि देवास ही पवारांची संस्थाने. अमझेरा १८५७ च्या उठावानंतर ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे गेले. या गावांतील मराठी घरे आज थोडी आहेत, तरी गणपतीची वर्गणी असो वा कोणाच्या आजारपणातली मदत, हात आखडता घेण्याची रीत येथे नाही. तेव्हा आपण देतो की नाही, हा आमचा प्रश्न नाही. ज्या दुःखाचे नाव घेण्यास आपण संकोचतो, त्या दुःखासाठी दिलेले द्रव्य पुरेसे ठरते काय, हा आमचा प्रश्न आहे.

अंडाशयाच्या कर्करोगाचा विचार करताना तो विशेष तीव्रतेने समोर येतो. भारतातील स्त्रियांत स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांखालोखाल याचा क्रमांक लागतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात देशात सुमारे ४७ हजार स्त्रियांना तो झाला आणि सुमारे ३३ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. बहुतेक वेळा तो उशिरा कळतो. याचे एक कारण शरीराच्या रचनेत आहे. अंडाशय ओटीपोटात खोलवर असते. तेथील लहान गाठ हाताला लागत नाही. दुसरे कारण मात्र आपल्या घरांत आहे. पोट सतत फुगल्यासारखे वाटणे, दोन घासांत पोट भरणे, ओटीपोटात दुखणे, वरचेवर किंवा घाईने लघवीला जावे लागणे, अशी याची लक्षणे आहेत. यांतील प्रत्येकाला घरात एक तयार उत्तर असते : वात झाला असेल, उपास बाधला असेल, वयच झाले आता. शिवाय जी स्त्री सर्वांना वाढून शेवटी जेवायला बसते, तिचे जेवण निम्म्यावर आले आहे हे पाहायला पंगतीत उरलेले तरी कोण असते?

पुढे निदान होते आणि मग समाज धावून येतो. पैसे जमतात, इंदूरला किंवा मुंबईला नेण्याची सोय होते. परंतु मदतीच्या आवाहनात बहुधा ‘गंभीर आजार’ एवढेच लिहिलेले असते. अवयवाचे नाव लिहिणे अशिष्ट वाटते. त्यामुळे द्रव्य त्या एका घरी पोहोचते आणि शेजारच्या घरातली बाई होती तितकीच अजाण राहते. कदाचित त्याच दिवशी तिचेही पोट फुगलेले असते.

यावर कोणी म्हणेल की, आजारी माणसाची खासगी बाब चव्हाट्यावर आणू नये, हाच सभ्यपणा होय. या आक्षेपात तथ्य आहे. पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एक केल्या गेल्या आहेत. रुग्णाची गुप्तता वेगळी आणि रोगाची गुप्तता वेगळी. आपले नाव झाकून ठेवणे हा रुग्णाचा अधिकार आहे आणि मदतीच्या मोबदल्यात तो तिच्याकडून कोणी काढून घेऊ नये. रोगाचे नाव झाकणे ही मात्र समाजाची सोय आहे. तिच्यामुळे रुग्णाचे रक्षण होत नाही. रक्षण होते ते केवळ आपल्या संकोचाचे. ‘चौकट राजा’च्या निर्मात्या स्मिता तळवलकर २०१४ साली याच कर्करोगाने गेल्या. त्यांचे चित्रपट घरोघरी आठवतात. आजाराचे पुरते नाव किती घरांत उच्चारले गेले असेल? अभिनेत्री मनीषा कोईराला यांना २०१२ साली हाच रोग झाला आणि बऱ्या झाल्यावर त्या त्याविषयी उघडपणे बोलत राहिल्या. तो त्यांचा निर्णय होता. सर्व स्त्रियांनी तसे करावे अशी अपेक्षा कोणी धरू नये. मात्र ज्यांना काहीच झालेले नाही अशा आपणांस तो शब्द उच्चारायला कोणाची हरकत आहे?

महाराष्ट्राने द्रव्य आणि शब्द या दोन्ही बाजू एकाच घरात पाहिल्या आहेत. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली विधवेशी विवाह केला, १८९६ साली अनाथ बालिकाश्रम स्थापला आणि त्यासाठी वर्षानुवर्षे दारोदार वर्गणी मागितली. त्या काळी या कामासाठी रुपया देणे म्हणजे विधवेच्या जिण्याविषयी एक मत मान्य करणे होते. म्हणून त्यांची वर्गणी पैशाबरोबर विचारही गोळा करीत गेली. त्यांचे पुत्र रघुनाथ धोंडो यांनी १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. शरीराविषयी स्वच्छ शब्दांत लिहिले म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. पित्याला समाजाने अखेर डोक्यावर घेतले. पुत्राला मात्र हयातीत उपेक्षाच अधिक मिळाली. दान स्वीकारणे समाजाला त्या मानाने सोपे जाते, शब्द स्वीकारणे कठीण जाते, असाच याचा अर्थ आम्ही लावतो.

मात्र शब्द उच्चारायचा तर तो खराही असला पाहिजे. येथे सद्हेतूची खरी परीक्षा होते. निधी जमला की मंडळांना पहिली कल्पना सुचते ती शिबिराची : गावातील सर्व स्त्रियांची सोनोग्राफी करावी, सीए-१२५ ही रक्ततपासणी करावी आणि रोग लवकर पकडावा. कल्पना उदार आहे, पण अनुभव तिच्या विरुद्ध आहे. अमेरिकेत सुमारे ७८ हजार स्त्रियांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. कोणतीही तक्रार नसलेल्या स्त्रियांच्या अशा तपासण्यांनी मृत्यू कमी झाले नाहीत. उलट ३,२८५ स्त्रियांना रोग नसताना संशय आला, त्यांपैकी १,०८० जणींवर शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतील १६३ जणींना गंभीर गुंतागुंतीला तोंड द्यावे लागले. ब्रिटनमधील दोन लाखांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासानेही २०२१ साली मृत्यू घटल्याचे दाखवले नाही. चांगल्या हेतूने, लोकांच्या पैशातून, निरोगी बाईला शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोहोचवणे हे पुण्य कसे म्हणावे? गीतेने सात्त्विक दानासाठी देश, काल आणि पात्र यांचा विवेक सांगितला आहे. आजच्या काळात या तिहींत ज्ञानाची भर घालावी लागेल.

मग पुढचा आक्षेप येतो. लवकर पकडण्याची खात्री देता येत नसेल, तर बायकांना ही लक्षणे सांगून उगीच भय का निर्माण करावे? हा प्रश्न आम्हांस सर्वांत कठीण वाटतो आणि त्याचे उत्तर अतिशयोक्ती न करता दिले पाहिजे. तक्रार नसताना सर्वांना चाळणे वेगळे आणि तक्रार असलेल्या स्त्रीचे ऐकणे वेगळे. ब्रिटनमधील २०११ च्या वैद्यकीय मार्गदर्शिकेत म्हटले आहे की, ही लक्षणे महिन्यातून १२ पेक्षा अधिक वेळा जाणवत असतील, विशेषतः वय ५० च्या पुढे असेल, तर या तपासण्या कराव्यात. येथे तपासणी संशयाला उत्तर देते. त्यामुळे प्रत्येकीचा जीव वाचेल असे वचन कोणी देऊ नये. पण पित्ताच्या गोळ्यांत जाणारे महिने वाचतील, आणि या रोगाची शस्त्रक्रिया जाणणाऱ्या तज्ज्ञाकडे ती वेळेत पोहोचेल, एवढे म्हणता येते. शिवाय काही समजुती दूर करता येतात. ‘पिशवी काढली आहे’ म्हणून निर्धास्त झालेल्या अनेकींची अंडाशये जागेवरच असतात. गर्भाशयमुखासाठी केलेली पॅप चाचणी हा रोग दाखवत नाही. बीआरसीए या जनुकांतील दोष आईकडून येतो तसाच वडिलांकडूनही येऊ शकतो. म्हणून आत्याचा आजारही डॉक्टरांना सांगावयाचा असतो.

खात्री नसताना केलेली काळजी निरर्थक नसते, हे देवासच्या माणसाला वेगळे सांगावे लागू नये. कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाने आजारी होऊन तेथे राहायला आले. गाणे बंद झाले होते. त्यांच्या पत्नी भानुमतींनी त्यांना जपले. पुढे नवे औषध हाती आले आणि १९५३ च्या सुमारास त्यांचे गाणे पुन्हा सुरू झाले. जपणाऱ्यांना त्या वर्षांत शेवट ठाऊक नव्हता. शेवट ठाऊक असता तर त्या जपण्याला आपण इतके मोल दिले नसते.

तेव्हा निधीने करावे तरी काय? २०१८ पासून आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचार मिळतात. पण सोबत राहणाऱ्याची बुडालेली मजुरी त्यात मिळत नाही, घरी राहिलेल्या मुलांची व्यवस्था होत नाही आणि कागदपत्रे घेऊन खिडकीखिडकीशी उभा राहणारा माणूसही त्यात नसतो. अमझेऱ्यासारख्या गावी ही उणीव भरून काढणे हेच खरे देशकालोचित दान होय. येथील बहुसंख्य शेजारी माळवी आणि भिली बोलणारे आहेत. लक्षणांचा कागद केवळ मराठीत छापून आपण आपल्याच घरांचे समाधान करू. तो त्यांच्या बोलीत, बाईने बाईला सांगितला पाहिजे, आणि पुरुषांच्याही कानी गेला पाहिजे. कारण इंदूरला न्यायचे की नाही हे पुष्कळदा तेच ठरवतात.

अमझेऱ्याचे राणा बख्तावरसिंह यांना १८५८ साली इंदूरात ज्या आवारात फाशी दिले गेले, तेथे आज महाराजा यशवंतराव रुग्णालय आहे. त्यांची स्मृती आम्ही अभिमानाने जपतो. आमच्या भागातून त्याच वाटेने उपचारासाठी जाणाऱ्या स्त्रियांची दखल मात्र गाव घेतेच असे नाही. येथील अमका-झमका देवीच्या मंदिराशी लोकश्रद्धेने रुक्मिणीहरणाची कथा जोडली आहे. त्या कथेतील विदर्भकन्येने आपले म्हणणे स्वतः लिहून वेळेत पाठवले, आणि ज्याच्याकडे ते गेले त्याने ते गांभीर्याने घेतले. या दोहोंपैकी एक जरी उणे असते तरी कथा घडली नसती.

आपल्या घरांतील स्त्रियांनी बोलावे असे आपण म्हणतो, तेव्हा ऐकण्याचे अर्धे काम आपल्याकडे राहते. वर्गणीची पावती फाडणे पाच मिनिटांचे काम आहे आणि ते अवश्य करावे. पण ‘हल्ली जेवत का नाहीस?’ हा प्रश्न विचारून त्याचे उत्तर पुरते ऐकून घेणे, हे दान कोणत्याही यादीत लिहिले जात नाही. आमच्या मते निधीचा आरंभ तेथून व्हावा.