रसक्षय म्हणजे वैराग्य नव्हे

विषयांचा वीट येणे ही परमार्गाकडे वळणाऱ्या जीवाची पहिली खूण मानली जाते. त्यामुळे एखाद्या वासनिकाचे मन संसारातून उठले, त्याला खाण्यात गोडी उरली नाही, सणावारी तो कोपऱ्यात बसू लागला, की घरची मंडळी त्याला साधूंकडे आणतात व “याला वैराग्य झाले आहे” असे सांगतात. कधी खरोखरच तसे असते. परंतु पुष्कळदा ते वैराग्य नसून मनाचा आजार असतो. या दोहोंतील भेद ओळखता आला नाही, तर अधिकारी जीव संसारात अडकून पडेल, किंवा आजारी जीव औषधावाचून राहील. दुसरी चूक तर प्राणावर बेतू शकते. म्हणून या विषयाचा विचार करणे अगत्याचे आहे.

दृष्टांत : सोलापूरहून निघालेली गाडी होटगी जंक्शनला येते. तेथून एक मार्ग कलबुर्गीवरून वाडीकडे जातो, तर दुसरा विजापूर, बागलकोटवरून गदगकडे. होटगीपर्यंत रूळ एकच, आणि पुढेही काही काळ खिडकीतून दिसते ते तेच काळे रान व तीच ज्वारी. चुकीच्या गाडीत बसलेल्या प्रवाशाला आपण दुसरीकडे चाललो आहोत हे लवकर उमगत नाही. भीमा ओलांडून मुलूख पालटला म्हणजे त्याला कळते.

दार्ष्टांतिक : तैसे वैराग्य व विषाद यांचे आरंभीचे स्थानक एकच आहे. दोहोंतही भोगावरील रुची उडते. पुढे मात्र दिशा वेगळ्या होतात. विरक्ताची रुची विषयांतून निघून परमेश्वराकडे लागते. त्याला स्मरणात गोडी वाटते, तो पहाटे उठतो, दुसऱ्याच्या दुःखाने द्रवतो. विषादग्रस्ताची रुची विषयांतून निघते, पण कोठेच लागत नाही. त्याला जेवण जसे बेचव, तसेच निरूपणही बेचव. झोप उडते किंवा फार येते, अंगात त्राण राहत नाही, साधा निर्णय घेता येत नाही, आणि “मी कशाच्याच कामाचा नाही” हा एकच घोष मनात चालतो. विरक्त ‘मी’पण सोडतो, विषादग्रस्ताला ‘मी’ सोडतच नाही. तो रात्रंदिवस त्यालाच दोष देत बसतो.

या भेदाचे सर्वांत मोठे उदाहरण श्रीमद्भगवद्गीतेच्या आरंभीच आहे. रणांगणावर अर्जुनाची गात्रे गळाली, तोंडाला कोरड पडली, धनुष्य हातातून निसटू लागले. विजय नको, राज्य नको, सुख नको, असे तो म्हणाला. इतकेच नव्हे, तर गुरुजनांना मारण्यापेक्षा भिक्षा मागून जगणे बरे, असेही बोलला. शब्द पाहिले तर ते संन्याशाचे आहेत. परंतु श्रीकृष्ण चक्रवर्तींनी त्यांना वैराग्य म्हणून मान दिला नाही व त्याला भिक्षापात्र घेण्यास सांगितले नाही. शब्द विरक्ताचे असले, तरी ते विषादाच्या मुखातून निघाले आहेत हे त्यांनी जाणले.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. देवांनी प्रथम थोडक्यात निर्भर्त्सना केली : हे दौर्बल्य टाक व ऊठ. त्याने अर्जुन उठला नाही. आपला शोक कशाने जाईल हे दिसत नाही, असे सांगून तो “लढणार नाही” म्हणाला व गप्प बसला. त्यानंतर देवांनी जे केले ते सतरा अध्यायांचे आहे. त्यांनी त्याची प्रत्येक शंका ऐकली, एकच गोष्ट अनेक प्रकारांनी सांगितली. तेव्हा “ऊठ, कामाला लाग, मनाला लावून घेऊ नकोस” एवढे बोलून आपले कर्तव्य झाले असे मानणाऱ्यांनी हा क्रम पाहावा. साक्षात देवांच्या दोन श्लोकांनी जे झाले नाही, ते घरच्या माणसाच्या दोन शब्दांनी कसे होईल?

दृष्टांतपाठात जन्मांध व हत्ती यांचा दृष्टांत प्रसिद्ध आहे. विषादग्रस्ताच्या बाबतीतही तेच घडते. भाऊ म्हणतो, हा आळशी झाला. शेजारी म्हणतो, याला बाहेरचे झाले. भाविक म्हणतो, हा विरक्त झाला. प्रत्येकाने एकेक अवयव चाचपलेला असतो. त्यांतील ‘बाहेरचे’ म्हणून देवऋषी गाठणे व क्षुद्र देवतांना नवस बोलणे तर परमार्गाच्या विचारातच बसत नाही. आजच्या वैद्यकाने या आजाराची लक्षणे नीट मांडली आहेत. खिन्नता किंवा सर्व गोष्टींतील रस नाहीसा होणे, यांतील एक तरी लक्षण इतर लक्षणांसह दिवसाचा बहुतेक काळ व निदान दोन आठवडे टिकले, तर वैद्याकडे जावे असा त्याचा निर्देश आहे. औषधाचा गुण येण्यास काही आठवडे लागतात. म्हणून “चार दिवस घेतले, उपयोग नाही” असे म्हणून ते सोडू नये. बरे वाटू लागल्यावरही वैद्याला न विचारता एकदम बंद करू नये.

कोणी विचारील : श्रीनागदेवाचार्यांनाही दुःख झाले होते, मग ते काय? सर्वज्ञांचे उत्तरापंथे गमन झाल्यावर शिष्यपरिवारावर असन्निधानाचे दुःख कोसळले. आचार्य ऋद्धिपुरी श्रीप्रभूंच्या सेवेत राहिले. पुढे तेही सन्निधान सरले. परंतु त्या दुःखाला विषय होता. ज्यांचा वियोग झाला त्यांच्याकडेच ते दुःख धावत होते, आणि म्हणून त्यातून स्मरण उत्पन्न झाले. आचार्य स्वामींच्या लीळा आठवीत बसत. म्हाइंभटांनी ते पाहिले, आणि या लीळा पुढील जीवांसाठी लिहून ठेवाव्यात असे ठरले. ज्यांनी ज्यांनी लीळा पाहिल्या होत्या त्यांच्याकडे म्हाइंभट गावोगाव गेले, विचारून खात्री करून घेतली, आणि लीळाचरित्र सिद्ध झाले. पुढे धामधुमीत मूळ पोथी हरवली, तेव्हा मार्गातील मंडळींनी आठवून आठवून ती पुन्हा जुळवली. विरहदुःख असे जोडीत जाते; विषाद तोडीत जातो.

तरीही त्या प्रसंगात विषादग्रस्तालाही घेण्यासारखे आहे. आचार्य एकटे राहिले नाहीत. परिवार त्यांच्याभोवती होता. आणि म्हाइंभटांनी “दुःख करू नका” असे म्हटले नाही. त्यांनी दुःखाच्या शेजारी एक काम आणून ठेवले.

हेच आचाराचेही मर्म आहे. अटन, विजन, भिक्षा, भोजन, स्मरण यांना वेळ नेमून दिला आहे. रुची झाली तर करावे असे सांगितलेले नाही. रस आधी व कृती मागून, हा क्रम निरोगी मनाचा. आजारी मनात तो उलटा चालतो : कृती आधी, रस मागून, तोही हळूहळू. मानसोपचारातही ठरावीक वेळी लहान लहान कामे करण्याचा उपाय सांगतात. म्हणून वासनिकाने पहाटे उठून तोंड धुवावे, थोडे चालून यावे, घरच्यांबरोबर पंक्तीत बसावे, पाच नामे घ्यावीत. गोडी लागली नाही तरी चालेल. गोडी न लागणे हे लक्षण आहे, अपराध नव्हे. आहार, विहार, निद्रा यांचे प्रमाण राखण्यास गीतेच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे. अशा वेळी उपवास व जागरणे वाढवणे उचित नव्हे.

महंत व साधू यांची जबाबदारी याहून मोठी आहे. अचानक अनुसरण मागणाऱ्यास आधी झोप, भूक व मन यांविषयी विचारावे, आणि शंका आल्यास तो बरा होईपर्यंत थांबावे. खरे वैराग्य सहा महिन्यांनी नाहीसे होत नाही. जगणे नकोसे झाले आहे काय, हेही स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरतो ही समजूत खोटी आहे. उलट भार हलका होतो. उत्तर ‘होय’ आले तर त्याला एकटे सोडू नये व त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. होटगी पंचक्रोशीतील माणसास सोलापूरचे शासकीय रुग्णालय दूर नाही. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही शासनाची विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चालू आहे. तेथे मराठीत बोलता येते. आणि ज्याने असा प्रयत्न केला, त्याला गुन्हेगार न मानता तीव्र मानसिक ताणाखाली असलेला मानावे, असे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आहे. कायद्याने जी दया धरली, ती अहिंसाधर्मीयांनी अधिकच धरावी.

चुकीच्या गाडीत बसलेल्या प्रवाशाला कोणी शिव्या देत नाही. पुढच्या स्थानकावर त्याला उतरवून घेतात, पाणी देतात, परतीच्या गाडीची वेळ सांगतात व ती येईपर्यंत सोबत बसतात. विषादग्रस्त जीवाविषयी एवढेच करावयाचे आहे. तो परत आला म्हणजे परमार्गाला जावयाचे की नाही, हे तो शुद्ध मनाने ठरवील; आणि त्या वेळी त्याच्या ‘नको’ला व ‘हवे’ला, दोहोंना अर्थ असेल.

दंडवत प्रणाम.