फेब्रुवारीतलं गाव

बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागातल्या गावाची लोकसंख्या सांगायची, तर महिनाही सांगावा लागतो. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली जोडपी ट्रकमध्ये संसार चढवतात आणि सांगली-कोल्हापूरकडे, कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये परततात. आणि आपली जनगणना नेमकी फेब्रुवारीत होते.

२०११ साली ९ ते २८ फेब्रुवारी अशी मोजणी झाली. त्या सगळ्या दिवसांत जो गावाबाहेर होता, तो गावात धरला गेला नाही. त्याची नोंद उसाच्या फडाजवळच्या कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीवर, व्हायची, तीही प्रगणक तिथवर पोचला तर. म्हणजे बीडच्या गावाच्या तक्त्यात उरतात म्हातारी माणसं, त्यांच्याजवळ किंवा हंगामी वसतिगृहात ठेवलेली मुलं, आणि विहिरीला पाणी असल्यामुळे ज्यांना जावं लागलं नाही ती घरं. हाच आकडा पुढे पाणीयोजनेच्या आराखड्यात जातो, निधीच्या वाटपात जातो. उन्हाळ्यात, टँकरची सर्वांत जास्त गरज असते तेव्हा, गाव मात्र पुन्हा भरलेलं असतं.

गावात कोण राहतं, हे सांगताना आपण अजून त्रिंबक नारायण आत्र्यांच्या ‘गाव-गाडा’च्या (१९१५) चौकटीत बोलतो: कुणबी, बलुतेदार, अलुतेदार. ती चौकट जात सांगते, आणि जात आजही वस्तीची जागा ठरवते. पण कोण जातं आणि कोण राहतं, हे नुसत्या जातीवरून कळत नाही. वंजारी, मराठा, बंजारा, दलित अशी सगळ्या समाजांतली माणसं ऊसतोडीच्या टोळीत असतात. एकाच भावकीतला बागायतदार घरी थांबतो, कोरडवाहूवाला निघतो. शेवटी पाणी निवाडा करतं. भूमिहीनाला तर थांबायचा पर्यायच नसतो.

टोळीचं माप आहे कोयता. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस अर्धा. उचल ठरते ती कोयत्यावर. म्हणून पोराचं लग्न झालं की घराची कमाई वाढते, आणि वयात येणारी मुलगी मागे एकटी कुणाच्या भरवशावर ठेवायची, या धास्तीनं तिचंही लग्न लवकर उरकलं जातं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत बीडमधल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. या आकड्याला कुणी अज्ञान म्हणतं, कुणी परंपरा. मला त्यात मजुरीची ही पद्धतही दिसते, आणि ती बदलल्याशिवाय केवळ प्रबोधनानं तो खाली येईल असं मला वाटत नाही. २०११ मध्ये याच जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटातल्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. मुलीचं ओझं वाटायला लावणारी जी कारणं आहेत, त्यांत ही धास्तीही धरायला हवी.

१९३१ नंतर प्रथमच सगळ्या जातींची मोजणी आता २०२७ च्या जनगणनेत होणार आहे. ती व्हायलाच हवी. वंजारी आणि बंजारा आजवर गावाच्या तक्त्यात ‘इतर’ म्हणून विरून गेले. पण संदर्भदिन पुन्हा १ मार्चच आहे, हंगाम सरण्याआधीचा. तेव्हा टोळ्या निघण्यापूर्वी प्रत्येक ग्रामपंचायतीनं जाणाऱ्यांची घरवार नोंद करावी, आणि गावाच्या आराखड्यात लोकसंख्येचे दोन आकडे छापावेत: एक फेब्रुवारीचा, एक जूनचा. पाणी, रेशन आणि अंगणवाडी जूनच्या आकड्यावर ठरावी. फडावरची शाळा आणि दवाखाना त्या दोहोंतल्या फरकावर.