प्रतिपक्ष्याचे म्हणणे

प्रतिपक्ष्यास निरुत्तर केले म्हणजे त्यास जिंकिले, अशी आपल्या काही उपदेशक बंधूंची समजूत दिसते. ती तपासून पाहणे आम्हांस अवश्य वाटते.

सन 1857 च्या जानेवारीपासून मेपर्यंत मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी व मिशनरी यांच्यामध्ये जाहीर वादविवाद झाला. बुवा आपल्याच जिल्ह्यातले, म्हणजे पूर्वीच्या कुलाब्यातील शिरवली गावचे. त्यांच्या आक्षेपांसह त्या सभांचा वृत्तांत त्याच वर्षी इंग्रजीत कोणी छापिला? त्यांच्याशी वाद करणारे अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन यांनीच! विरोधकाचे प्रश्न आपल्याच हाताने लिहून काढावयाचे, तर ते आधी नीट ऐकावे लागतात.

काशीस वाढलेले महाराष्ट्रीय पंडित नीळकंठशास्त्री गोरे यांनी ख्रिस्ती मताचे खंडन करण्याकरिता त्याचा अभ्यास आरंभिला. खंडनाचा ग्रंथही रचिला. परंतु त्या अभ्यासात त्यांस आपले स्वतःचेच मन तपासावे लागले, व 1848 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आता पनवेलीकडे पाहू. येथे बेने इस्राएल लोकांचे बेथ एल हे सभास्थान 1849 सालचे आहे. हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांस शनिवार तेली म्हणत. मोशेचे नियमशास्त्र मानणाऱ्या अशा मनुष्यापुढे मूर्तिपूजेचे दोष वर्णन करून काय उपयोग? तो तर त्या बाबतीत आपल्याहून जुना! मुसलमान शेजारी देवाच्या एकत्वाविषयी विचारतो, हिंदू शेजारी कर्माविषयी विचारतो. आणि पाठ केलेले एकच उत्तर सर्वांस दिले जाते. ज्याने प्रश्नच ऐकिला नाही, त्याने उत्तर दिले असे कसे म्हणावे? अशा वेळी शेजाऱ्याच्या तारणाची कळकळ किती व चारचौघांत आपला वरचढपणा दाखविण्याची हौस किती, हे ज्याचे त्याने देवासमोर पाहावे.

कित्येक प्रश्न तर आपल्या घरातलेच असतात. बाजारात कोणी विचारितो, “तुम्ही देव सोडिले, मग सोयरीक अजून जुन्या जातीतच का पाहता?” हा प्रश्न द्वेषाने विचारिला असेल, तथापि द्वेषाने विचारिलेला प्रश्न खोटाच असतो असे नाही. याच्या उत्तराकरिता शास्त्रातील वचने धुंडाळण्याआधी मंडळीची लग्नाची नोंदवही उघडावी. पाळकांनी व पंचांनी हा प्रश्न, त्याचा एकही शब्द सौम्य न करिता, पुढील मासिक सभेत मंडळीपुढे मांडावा, अशी आमची विनंती आहे.