आठवण गेल्यावर सोहं कोणाचे?

पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या (1903–1974) समाधीपुढे बसणारा साधक श्वासासोबत सोहं जपतो. देह, मन, बुद्धी यांना जो पाहतो तो मी, अशी नाथपरंपरेतून आलेली ही शिकवण. तिला आज सर्वांत अवघड प्रश्न अल्झायमर विचारतो. जेवून उठलेली आजी पाच मिनिटांत पुन्हा ताट मागते, पोटच्या मुलाला "तुम्ही कोण?" म्हणते, मग तिच्यातला तो पाहणारा गेला कुठे?

आधी मेंदूत काय घडते ते पाहू. चेतापेशीच्या आवरणात एपीपी नावाचे प्रथिन असते. अल्फा-सिक्रिटेज हे विकर ते अशा जागी कापते की घातक तुकडा तयारच होत नाही. बीटा आणि गॅमा सिक्रिटेज मात्र त्यातून ॲमिलॉइड-बीटा वेगळे काढतात; त्यातला 42 अमिनो आम्लांचा तुकडा चिकट, तो साचून गाठी होतात. नेप्रिलिसिनसारखी विकरे हा साठा मोडत असतात. ॲसिटिलकोलिनएस्टरेज या आणखी एका विकराचे नेहमीचे काम चेतापेशींमधला रासायनिक निरोप पुसण्याचे. पण ते या गाठींना चिकटलेले सापडते आणि प्रयोगशाळेत तंतू जुळण्याचा वेग वाढवते. डोनेपेझिल हे औषध त्याला आवरते, त्याने लक्षणे काहीशी हलकी होतात, रोग थांबत नाही. बीटा-सिक्रिटेज रोखणाऱ्या व्हेरुबेसेस्टॅट या औषधाने गाठींचा कच्चा माल घटवला, तरी रुग्णांची स्मृती सावरली नाही. म्हणजे एक विकर दोषी धरून हिशेब मिटत नाही.

एवढे मात्र नक्की, की स्मृती हे देहाचेच काम आहे. यात सोहंमागच्या अद्वैताला धक्का बसण्यासारखे काही नाही, कारण चित्त आणि अहंकारही जडच, असे वेदान्त मुळापासून सांगत आला. गाढ झोपेत आठवण नसते, तरी जागे झाल्यावर 'मी झोपलो होतो' असे आपण म्हणतोच, हा जुना दाखला. त्यावर आक्षेप रास्त आहे: झोपलेला जागा होतो, अल्झायमरचा रुग्ण परतत नाही. तेव्हा हा दाखला पुरावा म्हणून टिकत नाही, हे मान्यच करावे. दुसरा आक्षेप अधिक कडक: कोणत्याही पुराव्याने न ढळणारे मत मुळात काही सांगते तरी का? प्रयोगशाळेचा दावा म्हणून ते काहीच सांगत नाही, आणि तसा आव आणूही नये. पण माणसाचे मोल कशावर ठरवावे, हे ते ठामपणे सांगते. आठवणीवर ठरवले, तर आजीची किंमत रोज घटत जाते. सोहं हा हिशेबच नाकारते. अमेरिकेत 678 ख्रिस्ती जोगिणींच्या दीर्घ अभ्यासात काहींच्या मेंदूत मृत्यूनंतर भरपूर गाठी आढळल्या, पण हयातीत त्यांची बुद्धी शाबूत होती. गाठी मोजून माणूस मोजता येत नाही, एवढे यातून दिसते. साधनेने रोग टळतो असा अर्थ मात्र त्यातून काढता येणार नाही.

म्हणून जपाला औषध म्हणून विकू नये आणि औषधाला मोक्ष समजू नये. विसर वाढू लागला की वेळीच डॉक्टरांकडे जावे. आणि आजीने पुन्हा ताट मागितले, तर "आत्ताच तर जेवलीस" असे तोडून न टाकता चार घास वाढावेत. सोहं खरे मानणाऱ्याने निदान एवढे तरी करावे.